मुलाखतीची खोली आणि अर्जाचा कागद

निकाल लागतात, पेढे वाटून होतात, विहारात गुणवंतांचा सत्कार होतो. गुलाबाचे फूल आणि पेन दिले जाते. त्यानंतर या मुला-मुलींच्या घरी काय चालते, याची चौकशी फारसे कुणी करीत नाही. बी.कॉम. झालेला मुलगा रोज मोबाइलवर जाहिराती पाहतो, अर्ज पाठवतो, कुठेतरी मुलाखतीला जाऊन येतो आणि आईने विचारले की “कळवतो म्हणाले” एवढेच सांगतो. आई बिचारी चार घरची धुणीभांडी करून आलेली असते. तिला वाटते, पोराने पंधरा वर्षे शाळा-कॉलेज केले, आता आणखी काय पाहिजे?

आणखी दोन गोष्टी पाहिजेत. अनोळखी माणसांसमोर बसून स्वतःविषयी नीट बोलता आले पाहिजे आणि कागदावर चार ओळी बिनचूक इंग्रजी लिहिता आली पाहिजे. या गोष्टी कॉलेजात धडपणे कुणी शिकवीत नाही. ज्यांचे वडील अधिकारी, आई शिक्षिका, काका बँकेत, त्यांच्या मुलांना त्या जेवणाच्या ताटावर कानावर पडून येतात. आपल्या घरी त्या कानावर पडत नाहीत, म्हणून सतरंजी टाकून, वही घेऊन शिकाव्या लागतात.

मी लिपिक आहे. आवक-जावक विभागात बरीच वर्षे काढली. रोज ढीगभर अर्ज हाताखालून जातात. कोणता अर्ज साहेब पुरता वाचतात आणि कोणता दुसऱ्या ओळीवरच बाजूला सारतात, हे टेबलाच्या अलीकडे बसून दिसते. रविवारी वंदना झाल्यावर आमच्या विहारात पंधरा-वीस मुले-मुली बसतात. तिथे जे करून घेतो, त्यातले काही इथे लिहितो.

मुलाखत कुठे आहे, कुठे नाही

पहिली गोष्ट ही, की सगळ्याच नोकऱ्यांना आता मुलाखत नाही. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट ब अराजपत्रित, गट क आणि गट ड या पदांच्या मुलाखती बंद केल्या. स्टाफ सिलेक्शन कमिशनची पदवीधरांची परीक्षा, रेल्वेतील लिपिक, अशा जागा लेखी परीक्षेवर भरल्या जातात. सरकारी बँकेतला क्लार्क, ज्याला आता कस्टमर सर्व्हिस असोसिएट म्हणतात, त्यालाही मुलाखत नसते. स्थानिक भाषा येते की नाही ते तेवढे पाहतात. मुलाखतीच्या भीतीने या परीक्षांचे अर्जच न भरणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांना हे कुणी सांगितलेलेच नसते.

बँकेतल्या पीओला मात्र मुलाखत आहे. आयबीपीएसच्या पद्धतीत ती १०० गुणांची असते. सर्वसाधारण उमेदवाराला किमान ४० टक्के आणि अनुसूचित जातीच्या उमेदवाराला किमान ३५ टक्के गुण त्यात मिळवावे लागतात, आणि अंतिम यादीत मुख्य परीक्षेला ८० व मुलाखतीला २० असे वजन धरतात. यूपीएससीत एकूण २०२५ गुणांपैकी २७५ गुण मुलाखतीचे. तिथे मराठीतून मुख्य परीक्षा देणाऱ्याला मुलाखतही मराठीतून देता येते. आयबीपीएसच्या जाहिरातीत अनुसूचित जातीच्या उमेदवारांसाठी परीक्षापूर्व प्रशिक्षणाची सोय दिलेली असते. अर्ज भरताना त्या रकान्यात खूण करायची असते. आपली मुले तो रकाना तसाच सोडून पुढे जातात.

आणि खासगी क्षेत्र? तिथे आरक्षण नाही आणि लेखी परीक्षाही बहुतेक ठिकाणी नाही. सगळा निकाल मुलाखतीच्या खोलीतच लागतो. आज आपल्या वस्तीतल्या बहुसंख्य मुलांना पहिली नोकरी इथेच मिळते. सीएच्या ऑफिसात, रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरवर, गोदामात, कॉल सेंटरमध्ये, नाहीतर सरकारी कार्यालयातच पण कंत्राटदारामार्फत. म्हणून मुलाखतीची तयारी हा आपल्यासाठी चैनीचा विषय नाही. (एक सूचना जाता जाता. जिथे मुलाखतीच्या नावाखाली नोंदणी फी, गणवेशाचे पैसे किंवा डिपॉझिट मागतात, तिथून सरळ उठून यावे.)

“घरी कोण काय करतात?”

या एका प्रश्नावर आमच्या वर्गात जेवढी चर्चा होते, तेवढी दुसऱ्या कशावर होत नाही.

प्रश्न दिसायला साधा आहे. “टेल मी अबाउट युवर फॅमिली.” समोरचा कदाचित सहजही विचारीत असेल. पण आपल्या मुलाच्या पोटात गोळा येतो. वडील पालिकेत सफाई कामगार, आई घरकाम करते, घर झोपडपट्टीत, आडनाव ऐकून समोरच्याने एक क्षण थांबून वर पाहिलेले. हा गोळा उगाच येत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल या अभ्यासकांनी वर्तमानपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवून पाहिले; फरक फक्त नावांत ठेवला. दलित आडनावाच्या अर्जांना सवर्ण नावांच्या मानाने कमी बोलावणी आली, मुस्लिम नावांना तर त्याहून कमी. हा अभ्यास २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास अश्विनी देशपांडे आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीतल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, तेव्हा दलित विद्यार्थ्यांना मुलाखतीत कौटुंबिक पार्श्वभूमीचा प्रश्न कसा अडचणीत टाकतो, हे पुढे आले. सुरिंदर जोधका आणि न्यूमन यांनी कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांशी बोलून पाहिले. त्यांनीही सांगितले, की आम्ही घरचे वातावरण पाहतो. घर पाहणे म्हणजे काय पाहणे, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

तेव्हा करायचे काय? काही पालक मुलांना शिकवून ठेवतात, “वडील सर्व्हिसला आहेत म्हणायचे, पुढे काही बोलायचे नाही.” काही तर खोटे सांगायला शिकवतात. मला ते पटत नाही. खोटे बोललेला मुलगा पुढच्या दहा मिनिटांत समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवू शकत नाही, आणि नोकरी लागलीच तर वडील डबा द्यायला ऑफिसच्या दाराशी आले की तो चोरासारखा वागतो. असले जिणे कशाला?

उलट बाजूने, वर्गातल्या एका मुलीचे म्हणणे असे पडले, की “सर, प्रश्नच चुकीचा आहे. मी उत्तर का देऊ?” प्रश्न चुकीचा आहे, हे तिचे म्हणणे खरे. पण नोकरीची गरज आपल्याला आहे आणि खुर्ची त्यांच्याकडे आहे, हेही तितकेच खरे. शेवटी आम्ही सर्वांनी मिळून एक रीत ठरवली. उत्तर खरे द्यायचे, एका वाक्यात द्यायचे, आवाज खाली न घेता द्यायचा, आणि दुसऱ्या वाक्यात बोलणे आपल्या कामावर आणायचे. “माय फादर वर्क्स इन द म्युनिसिपल कॉर्पोरेशन अ‍ॅज अ सॅनिटेशन वर्कर. ही पेड फॉर माय कॉलेज, अँड आय लर्न्ट टॅली इन माय सेकंड इयर.” झाले. वडिलांच्या कष्टाची करुण कहाणी सांगायची नाही. दया येऊन कुणी नोकरी देत नाही. आणि दिलीच, तर पगारवाढ मागताना तीच दया आड येते. त्या मुलीने पुढे हेच उत्तर एका हिशेब तपासनिसाच्या कार्यालयात दिले. समोरचे गृहस्थ पुढे टॅलीचेच विचारत बसले, असे तिने येऊन सांगितले. नोकरी तिथे लागली नाही, तिसऱ्या ठिकाणी लागली. पण ती घरी मान खाली घालून आली नव्हती, हे तिच्या आईने मला मुद्दाम सांगितले.

लपवलेला अनुभव

दुसरी एक गोष्ट आपली मुले विनाकारण लपवतात, ती म्हणजे केलेले काम. “अनुभव?” म्हटले की “फ्रेशर आहे सर.” प्रत्यक्षात हा मुलगा अकरावीपासून लग्नसराईत केटरिंगला जातो, गणपती-दिवाळीत दुकानात बसतो, दोन वर्षे मेडिकल स्टोअरमध्ये संध्याकाळी बिले करतो. मुलगी वस्तीतल्या दहा पोरांच्या शिकवण्या घेते, बचत गटाची वही लिहिते. हा अनुभव नाही तर काय आहे? ज्याने रात्री गल्ला मोजून मालकाला हिशेब दिला, त्याला रोख सांभाळता येते. जिने महिला मंडळाची वही तीन वर्षे लिहिली, तिला नोंदी ठेवता येतात. हे बायोडाटात लिहावे आणि मुलाखतीत सांगावे. “आय वर्कड पार्ट-टाइम इन अ मेडिकल स्टोअर फॉर टू इयर्स. आय हँडल्ड द बिलिंग अँड द स्टॉक.” एवढी दोन वाक्ये, “आय अ‍ॅम हार्डवर्किंग अँड सिन्सिअर” या रबरी शिक्क्यापेक्षा शंभर पटीने चांगली.

आपल्या विषयाचे विचारतात, तेव्हाही पाठांतर पुरत नाही. बी.कॉम.च्या मुलाला हमखास विचारतात, ट्रायल बॅलन्स जुळला म्हणजे हिशेब बरोबर का? शंभरातले ऐंशी “येस सर” म्हणतात. बरोबर नाही. एखादा व्यवहार मुळात लिहिलाच नाही, तर दोन्ही बाजूंना तो नसतो आणि ट्रायल बॅलन्स बिनदिक्कत जुळतो. एक चूक दुसऱ्या चुकीने भरून निघाली, तरी जुळतो. हे उदाहरण देऊन समजावता आले, की समोरचा माणूस खुर्चीत पुढे सरकून बसतो. येत नसेल तर “सॉरी सर, आय डोन्ट नो” म्हणण्यात लाज नाही. प्रश्नच कळला नाही तर “कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन?” असे विचारावे. न कळता उत्तर ठोकून देणे वाईट.

कपड्यांविषयी जास्त लिहीत नाही. स्वच्छ, इस्त्री केलेले, अंगाला बसणारे. उसने आणलेले बूट चावत असतील तर नकोत. वेळेआधी अर्धा तास पोहोचावे. लोकल आपल्यासाठी थांबत नाही.

सराव मात्र हवा, आणि त्याला क्लासची फी लागत नाही. विहारात चार खुर्च्या मांडतो. तीन जण परीक्षक, एक उमेदवार. मोबाइलवर चित्रण करतो आणि मग सगळे मिळून पाहतो. पहिल्यांदा पाहताना मुले हसतात, तोंड लपवतात. तिसऱ्या रविवारी तीच मुले स्वतः सांगू लागतात, “सर, मी प्रत्येक वाक्याला ‘अ‍ॅक्च्युअली’ म्हणतोय.” आम्ही परीक्षकांच्या खुर्चीत आयांनाही बसवतो. त्यांचे प्रश्न फार अवघड असतात.

डोक्यात मराठी, कागदावर इंग्रजी

आता लिहिण्याचे. आपल्या इंग्रजीतल्या बऱ्याचशा चुका मंद बुद्धीच्या नसतात. त्या मराठीतून आलेल्या असतात. मराठीत वाक्य बरोबर असते, ते शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेले की मोडते. हे एकदा कळले की चूक सापडते कुठे, ते समजते.

‘पासून’ हाच शब्द घ्या. आपण म्हणतो, “मी दोन वर्षांपासून इथे आहे” आणि “मी २०२३ पासून इथे आहे.” दोन्हीकडे पासून. म्हणून मुले लिहितात, “आय अ‍ॅम वर्किंग सिन्स टू इयर्स.” इंग्रजीत या दोन गोष्टींना दोन शब्द आहेत. किती काळ ते सांगायचे तर ‘फॉर’; केव्हा सुरुवात झाली ते सांगायचे तर ‘सिन्स’. “आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स.” “आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स २०२३.” या एका चुकीवरून अर्ज वाचणारा उमेदवाराची पारख करतो, म्हणून पहिल्याच रविवारी मी ती फळ्यावर लिहितो.

दुसरी चूक, “आय डिड नॉट वेंट.” मराठीत “मी गेलो नाही” म्हणताना भूतकाळ ‘गेलो’त असतो. इंग्रजीत तो ‘डिड’मध्ये येऊन बसतो, त्यामुळे पुढचे क्रियापद मूळ रूपात परत जाते. “आय डिड नॉट गो.” तिसरी, “येस्टरडे आय हॅव सबमिटेड द फॉर्म.” कारण आपण म्हणतो, “काल अर्ज दिला आहे.” इंग्रजीत काल, परवा, गेल्या महिन्यात असा उल्लेख आला की ‘हॅव’ चालत नाही, “आय सबमिटेड द फॉर्म येस्टरडे” असे सरळ लिहावे. “वी डिस्कस्ड अबाउट द मॅटर” हेही ‘विषयी चर्चा’मधून आलेले, ‘डिस्कस’च्या पोटातच ‘विषयी’ आहे, ‘अबाउट’ काढून टाकावे. आणि मराठीत ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ नाहीतच, म्हणून “माय ब्रदर इज प्यून” होते. “अ प्यून” पाहिजे. ही सवय डोळ्यांना वाचूनच लागते, नियम पाठ करून फारशी लागत नाही.

‘मायसेल्फ’ने सुरुवात करणाऱ्यांना मी वर्गात चहा पाजायची शिक्षा करतो. “आय अ‍ॅम” म्हणावे आणि नाव सांगावे.

स्पेलिंगचेही असेच. ‘लीव्ह’, म्हणजे रजा, हे एल-ई-ए-व्ही-ई. ‘लिव्ह’, म्हणजे राहणे, हे एल-आय-व्ही-ई. रजेच्या अर्जात दुसरे लिहिले की “मला दोन दिवस जगू द्या” असा अर्थ होतो आणि तो अर्ज कार्यालयभर फिरतो. मोबाइल अशा चुका पकडत नाही, कारण दोन्ही शब्द त्याच्या दृष्टीने बरोबर असतात.

आमच्या कार्यालयात अजूनही काही अर्ज “आय बेग टू स्टेट” ने सुरू होतात आणि “युवर मोस्ट ओबिडियंट सर्व्हंट” ने संपतात. ही साहेबाच्या राज्यातली भाषा. आजोबांनी लिहिली, वडिलांनी नक्कल केली, मुलगाही तीच चालवतो. आता कुणी कुणाचा सर्व्हंट नाही आणि भीक तर मुळीच मागायची नाही. काय पाहिजे ते पहिल्या वाक्यात, का पाहिजे ते दुसऱ्यात, पुढे काय करणार ते तिसऱ्यात. “आय रिक्वेस्ट लीव्ह फॉर टू डेज, १२ अँड १३ जून. माय मदर इज इन हॉस्पिटल. आय विल रिझ्यूम ड्यूटी ऑन १४ जून.” साहेब उभ्या उभ्या वाचून सही करतात.

ई-मेलने अर्ज पाठवताना विषयाची ओळ रिकामी ठेवू नये. पदाचे नाव, जाहिरात क्रमांक आणि आपले नाव तिथे लिहावे. आपला ई-मेलचा पत्ता स्वतःच्या नावाचा असावा. ‘रॉकिंग’, ‘किंग’, ‘प्रिन्सेस’ असली विशेषणे मित्रमंडळींपुरती ठेवावीत. समोरच्याचे नाव माहीत नसेल आणि सुरुवात ‘डिअर सर’ अशी असेल, तर शेवटी ‘युवर्स फेथफुली’. नावाने सुरुवात असेल तर ‘युवर्स सिन्सिअरली’. हल्ली मोबाइलवरची एआयची साधने क्षणात अर्ज लिहून देतात. वापरू नये असे मी म्हणणार नाही. पण एकाच जाहिरातीला शब्दाला शब्द सारखे पाच अर्ज आले, की पाचही बाजूला पडतात. आणि “हे वाक्य तुम्ही लिहिलेत ना, याचा अर्थ सांगा” असे मुलाखतीत विचारले तर? आधी स्वतः लिहावे, मग त्या साधनाला चुका दाखवायला सांगावे आणि कारण विचारावे. हा उपयोग चांगला आहे.

जुनी माणसे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकली. ती पद्धत आजही वाया गेलेली नाही. रोज मराठी बातमीतली पाच वाक्ये घ्यावीत, इंग्रजीत लिहावीत, दुसऱ्या दिवशी त्याच विषयावरच्या इंग्रजी बातमीशी ताडून पाहावीत. शंभर पानी वही संपायला तीन महिने लागतात. वही संपवलेली मुले आमच्या वर्गात थोडी आहेत. पण ती ओळखू येतात.

जिथे मराठी चालते तिथे

इंग्रजीचा हट्ट सगळीकडे धरू नये, हेही सांगितले पाहिजे. बाबासाहेबांनी मोठे ग्रंथ इंग्रजीत लिहिले, पण १९२० साली ‘मूकनायक’ आणि १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ ही पत्रे मराठीत काढली. कोणाशी बोलायचे आहे, त्यावर भाषा ठरते. माहिती अधिकार कायदा, २००५ नुसार अर्ज त्या प्रदेशाच्या राजभाषेत करता येतो. म्हणजे आपल्याकडे मराठीत. तहसील, पालिका, पोलीस ठाणे इथे मराठीतली स्वच्छ तक्रार मोडक्या इंग्रजीपेक्षा जास्त काम करते. विधवा आईच्या पेन्शनचा अर्ज मुलगा ऐटीत इंग्रजीत लिहितो आणि तिला स्वतःच्याच सहीच्या वर काय लिहिले आहे ते कळत नाही, हे प्रकार थांबले पाहिजेत. कोणत्याही भाषेत लिहा. तारीख, संदर्भ क्रमांक आणि आपला फोन नंबर घाला, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न केलेला अर्ज.

शेवटी कागदपत्रांविषयी, कारण मुलाखतीत पास होऊन कागदात अडकलेली मुले दरवर्षी आमच्याकडे येतात. बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. तरी केंद्र सरकारच्या आणि बँकांच्या नोकरीसाठी जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात, इंग्रजीत लागतो. शाळेसाठी काढलेला जुना मराठी दाखला तिथे चालेलच असे नाही. राज्याच्या नोकरीला जात वैधता प्रमाणपत्र मागतात, ते जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडून मिळायला वेळ लागतो. निवड झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा पदवीच्या शेवटच्या वर्षातच अर्ज करून ठेवावा. दाखल्यावरचे नाव, दहावीच्या सनदेवरचे नाव आणि आधारवरचे नाव यांची स्पेलिंगे एकमेकांशी ताडून पाहावीत. फरक असेल तर दुरुस्तीची सुरुवात याच आठवड्यात करावी. बार्टीच्या प्रशिक्षण वर्गांच्या जाहिराती निघतात, त्यांनाही अर्ज करताना हेच कागद लागतात. मूळ प्रती आणि साक्षांकित झेरॉक्सचे दोन संच एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून घरात उंच ठिकाणी ठेवावेत. पावसाळ्यात आपल्या घरांत पाणी शिरते.